दुसऱ्या खेपेचा तवा

युसूफ : हळू काढ देवमन, पाकीट फाटून जाईन. अमेरिकेहून सलामत आलं आन् जऊळक्यात येऊन फाटलं त् लेकराले काय सांगशीन?

देवमन : तूच काढ ना. माह्यानं फाटन त् फाटन.

युसूफ : घे. गाण्याचा तवा, कोरा करकरीत. वर फोटो तोच, आपला धम्मरत्न गिटार घेऊन बसेल.

देवमन : मीच बोललो होतो फोनवर, का जुना घासला, सुई उडते. त् म्हणे, थांबा बाबा, दुसरी खेप छापून राह्यली, त्यातला पाठवतो.

युसूफ : घासन नाई त् काय? रोज दिवेलागणीले तू येतं आन् तेच एक गाणं लावाले लावतं. लगनात लाऊडस्पीकरवर वाजवलेल्या तव्यानंबी एवढा मार नाई खाल्ला.

देवमन : मंग कुठी जाऊ? तवा वाजवाची मशीन गावात तुह्याच दुकानात हाय.

युसूफ : तुह्यासाठीच त् भंगारात नाई देल्ली. पन गंमत पाय यार. तू बौद्ध, मी मुसलमान, आन् दोघं बसून ऐकून राह्यलो येशूची भजनं.

देवमन : तिकडच्या काळ्या गुलामांची होय ते. राबता राबता म्हणत होते बिचारे. धम्मानं सांगितलं मले. जलशात म्या जनमभर दुसरं काय गायलं? मालक वेगळे, एवढंच.

युसूफ : यात त् बोलबी नाईत. नुसती गिटार. लावू?

देवमन : दुसऱ्या बाजूचं पयलं.

(तवा फिरू लागतो. दोघं ऐकत बसतात.)

युसूफ : वा! काय साफ! खरखर म्हणून नाई.

देवमन : आवाज वाढव.

युसूफ : वाढवला.

देवमन : आनखी.

युसूफ : अबे, शटर हालून राह्यलं! काय ऐकून राह्यला तू एवढं?

देवमन : त्याचं गुणगुणनं. जुन्यात गिटारच्या मांगं तो हळूच गुणगुणते ना? इथी नाई.

युसूफ : थांब, सुई मांगं घेतो... नाई. खरंच नाई. साफ करतानी काढून टाकलं असन.

देवमन : लहानपणची खोड त्याची. अभ्यास करो का सायकल पुसो, गुणगुण चालूच. माय चिडे त्याची, ‘अरे, भोवरा हाय का तू?’ ती वारली. तो तिकडं गेला. घर खायाले उठते युसूफ. गिटारमधलं मले काय समजते? म्या गिटार ऐकाले येतच नव्हतो.

युसूफ : मंग जुना लावतो.

देवमन : जुना नेमका त्याच जागी उडते आता.

युसूफ : त् सांगून टाक पोराले.

देवमन : काय सांगू? त्यानं जीव ओतून चूक काढली, आन् बाप म्हणते, मले तुही चूकच पायजे?

युसूफ : तुहा फोन वाजून राह्यला. तोच हाय. स्पीकरवर टाक.

धम्मरत्न : बाबा, मिळाला का तवा? ऐकला?

देवमन : ऐकला बाळा. लय साफ हाय.

धम्मरत्न : ते मागचं कण्हणं गेलं ना? एकानं तर लिहिलं होतं, खोलीत कोणी आजारी माणूस आहे का म्हणून!

देवमन : गेलं. काईच नाई आता.

धम्मरत्न : बरं, ठेवू? रात्रीची भांडी पडलीत. घासून कामावर पळायचंय.

देवमन : घास ना. फोन तसाच ओट्यावर ठिव.

धम्मरत्न : बोलायचंय का काही?

देवमन : बोलाचं काई नाई. तू घास.

धम्मरत्न : ...बरं. ठेवला इथं.

युसूफ : नळ सोडला त्यानं. भांडे वाजून राह्यले... देवमन! भोवरा सुरू झाला पाय! सांगू का त्याले...

देवमन : चूप. त्याले समजलं त् थांबून जाईन.