बियाचा दुधी

वणीच्या बसस्थानकावर केळापूरची गाडी रखडली होती. बाकावर बसलेले उमरे गुरुजी वर्तमानपत्र वाचण्याचा केवळ देखावा करीत होते. त्यांचे कान शेजारच्या रत्नमालाबाईंच्या फोनकडे लागले होते. बाई घरी असलेल्या नवऱ्याशी बोलत होत्या, आणि फोनचा स्पीकर चालू होता.

“अजी, आंगणातल्या दुधीपाशी जा बरं. दिवस बुडाला का?”

“बुडाला. काहून?”

“मायच्या बियाचा तो एकच वेल. बियासाठी राखला होता तो दुधी वांदरानं नेला. आता हे शेवटचं मादी फूल. आज उमलते, सकाळी सुकते. फवारणीपायी फुलावर पतंग-पाखरं येत नाहीत. नर फूल त्याले हातानं लावा लागते.”

“म्हणजे रोज सांजेले तू फुलाइचं लगन लावत होती? मले वाटे, दिवा लावाले जाते!”

“हसा मंग! नर फूल तोडा, पाकळ्या मांगं करा.”

“अन् मादी कोणतं?”

“ज्याच्या मांगं लहानसा दुधी असते, ते.”

फोनमधून पानं सरकवल्याची सळसळ ऐकू आली.

“सापडलं का?”

“अवं, हा तं पुरा दुधी हाय! करंगळीएवढा. लेकराच्या कानावर असते तशी लव हाय याच्यावर.”

“लावा ना आता!”

“याले लागलं तं?”

“हलकेच टेकवा.”

“टेकवलं.”

तेवढ्यात गाडी आली. गुरुजींनी न विचारताच बाईंची पिशवी उचलली.

“ठेवू का मंग? गाडी आली.”

“थांब. बोलू नको. वरची एक नर कळी उमलून राह्यली, पाहून राह्यलो मी.”

गुरुजी पिशवी घेऊन तसेच उभे राहिले.