परसातला उरलेला बांबू

तुम्ही हसाल, पण त्या संध्याकाळी मी कोंबड्यांच्याच मागे लागलो होतो. दादा, माझा थोरला भाऊ, वारून आठवडाच झाला होता. त्याच्या खुराड्यातली बसायची काठी मोडली, कोंबड्या जमिनीवर झोपायला लागल्या आणि मुंगसाने एक नेली. मी परसात पडलेला बांबू आडवा ठोकला. पाय घसरू नयेत म्हणून वर गोणपाटही गुंडाळलं. तरी एकही चढेना.

आई बघायला आली आणि किंचाळली, "अरं, हा दादाच्या तिरडीचा उरलेला बांबू हाय!"

मी तो उपटायला धावलो. तिने मला मागे ढकललं. "तू हात नको लावू! एक गेला तेवढा पुरे."

"आणि तुला काय झालं तर?"

बांबू ओढत ती म्हणाली, "मला झालं तर बरंच हाय रं."