फाटकाबाहेरचे खिळे

आजच्या सभेचे अध्यक्ष हाजी फव्वाज, व्यासपीठावरचे पाहुणे आणि आपल्या भागातल्या सशस्त्र तुकडीचे प्रमुख अबू मिक्दाद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते हकीम मुंज़िर, त्यांच्या पत्नी उम्म निज़ार, त्यांच्या जागी निवडून आलेल्या डॉक्टर लमीस, आणि तल्ल रुम्मानच्या बंधूंनो, भगिनींनो,

मंगळवार, १४ मार्च २०१७, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. अबू मिक्दाद यांच्या माणसांनी आपल्या प्रसूतिगृहाच्या फाटकाशी तुकडीची पाटी टांगली आणि लमीसला सांगितलं, "इथला प्रमुख आता आम्ही नेमणार."

अलेप्पोच्या शाळेत नन्सनी मला शिकवलं की उभं राहायचं ते सरळ, आणि तक्रार करायची तर आधी तारीख-वेळ सांगायची. निरोपाच्या दिवशी तक्रार कशाला, असं हाजी मघापासून भुवयांनी विचारत आहेत. हाजी, हकिमांनी काय उभं केलं ते सांगायचं, तर ते कोण पाडतंय तेही सांगायला नको का?

सरकार गेलं तेव्हाचे दिवस आठवा. पोलीस गेले, त्यांच्यासाठी फारसं कोणी रडलं नाही. पण लशींचा बर्फ गेला, पगार गेला, औषधांची गाडी गेली. मग या भागातले डॉक्टर, परिचारिका, सुईणी तेलाच्या घाण्यावर जमल्या आणि ऑलिव्हच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून आरोग्य समिती निवडली. चिठ्ठ्या तेलकट होत्या, पण मोजणी स्वच्छ झाली. हकीम समितीचे आणि प्रसूतिगृहाचेही प्रमुख झाले. त्याच दिवशी त्यांनी नियम केला की दोन वेळा निवडून आलेल्याने तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही. आज ते त्याच नियमाने जात आहेत. कोणी हाकलत नसताना खुर्चीवरून उठलेला माणूस मी या मुलखात पहिल्यांदा पाहते आहे.

आता एक जुनी गोष्ट. तेव्हा मी प्रसूतिगृहाची मुख्य सुईण होते. एक दिवस जखमी भावाला शोधत एक जवान बंदुकीसकट बाळंतिणींच्या खोलीत शिरला. कळा देणारी बाई भीतीने गप्प झाली. कळा देणारी बाई गप्प होणं काय असतं, ते इथल्या बायकांना सांगायला नको. हकीम तडक अबू मिक्दाद यांच्या बैठकीत गेले. मी सोबत होते. कॉफी आली. हकिमांनी कप खाली ठेवला.

"प्या हकीम, गार होतेय."

"होऊ द्या."

पाहुण्याने कप खाली ठेवला की त्याचं मागणं ऐकावं लागतं. कॉफी तशीच टाकून पाहुणा उठला, तर यजमानाच्या नावाला बट्टा. अबू मिक्दाद यांना वाटलं, आता डिझेल मागणार.

"बोला, काय हवंय?"

"खिळे."

"खिळे?"

"फाटकाबाहेरच्या भिंतीत. तुमची पोरं आत येताना बंदुका त्यांवर अडकवतील."

"आणि चोरीला गेल्या तर?"

मी म्हटलं, "तुमच्या पोरांवर तुमचाच विश्वास नाही, मग आमचा कुठून बसणार?"

"या बाईला कोणी आणलं?" असं म्हणून ते हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच लोहार पाठवला. खिळे चांगले लांब होते, हे मी मान्य करते.

आज त्याच खिळ्यांवर पाटी आहे आणि बंदुका आत आहेत. औषधं पाठवणाऱ्या संस्थेने सीमेपलीकडून कळवलं आहे की हत्यारवाल्यांच्या दवाखान्याला काही मिळणार नाही. महिनाअखेरची गाडी तिकडेच थांबेल. एप्रिलमध्ये ज्यांचे दिवस भरतात, त्यांनी कुठे जायचं?

मघाशी दारात अबू मिक्दाद मला म्हणाले, "सित्त विदाद, पाटी नुसती मानाची आहे."

"मग ती स्वतःच्या घरावर लावा."

"हकीम चालले, जागा रिकामीच ना?"

"लमीस आहे."

"बाई?"

अबू मिक्दाद, तुमची जुळी नातवंडं सातव्या महिन्यात आली. त्यांना काचेच्या पेटीत कोणी जगवलं? तेव्हा तुम्ही बाहेर उभे होतात, आणि तुमची बंदूक खिळ्यावर होती. तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल, म्हणूनच मला आशा आहे.

माझ्यापुढची कॉफी मी प्यायलेली नाही. अबू मिक्दाद, तुम्ही म्हणाल, "आज पाहुणा तर मी आहे." पण फाटकाशी पाटी तुमची, म्हणजे सध्या यजमान तुम्हीच.

मागे कसला आवाज होतोय? उम्म निज़ार, तुम्हीही कप ठेवलात? आणि त्या सगळ्या सुईणी? मी कोणाला सांगितलं नव्हतं. हाजी, अध्यक्षांनी तरी... बरं, ठेवा.

हकीम, तुमच्या निरोपाची कॉफी गार केली, रागावू नका. तुमच्याकडूनच शिकले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कोणाला लागेल असं बोलले असेन तर क्षमा असावी. अबू मिक्दाद यांची क्षमा मी शुक्रवारी मागेन.

कारण गुरुवारी, २३ मार्चला, दुपारच्या नमाजाआधी मला त्यांचं उत्तर हवं आहे. लेखी, सहीचं, डॉक्टर लमीस यांच्या टेबलावर, आणि ते टेबल लमीसचंच आहे हे त्यात लिहिलेलं. पाटी उतरवायला शिडी लागली तर दवाखान्यातली न्या. खिळे मात्र काढू नका, ते लागणार आहेत.