आईच्या कुंकवाचा पैसा

...आणि वर मलाच विचारतात, ‘उपेंद्र, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी तुला पैसे विकायचे सुचतात कसे?’ अहो, पैसे नाही, पैसा! एकच! मधोमध भोक असलेला, इंग्रजांच्या काळातला! आता आमच्या इथल्या द्वारका चौकात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन, त्याचा शेवटचा दिवस, तोही दुपारी बारापर्यंत, आणि आमच्या यशश्रीचा साखरपुडा साडेबाराला... मी करायचं काय, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, तो पैसा आईचा. साठ वर्षं ती रोज सकाळी तो कपाळावर धरते, भोकातून मेण लावते, वर कुंकू दाबते, आणि पैसा उचलला की कसं गोल गरगरीत! त्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तर ती आंघोळीला गेली आणि मी करंड्यातून पैसा उचलला. चोरी नाही हो... म्हणजे चोरीच, पण किंमत विचारून अर्ध्या तासात परत ठेवायची!

तिथे यादव म्हणून एक व्यापारी, डोळ्याला भिंग. म्हणतो, “साहेब, जुनं म्हणजे किमती नव्हे!” मी म्हटलं, अहो, ऐंशी वर्षांचा आहे! “मग माझे आजोबापण आहेत की, कोण घेतंय?” मग मला शिकवतो... वर्ष कुठलं, टांकसाळ कुठली, त्या वर्षी किती पाडले, त्यातले उरले किती, आणि मुख्य म्हणजे नाणं राहिलंय कसं! भिंगातून बघता बघता एकदम म्हणाला, “वर्ष बरंय हो...” मी मनातल्या मनात मांडे खायला लागलो. “...पण हे भोक टांकसाळीचं नाही. कुणीतरी कानस मारलीय.”

कुणीतरी? अहो, आमचे नाना, माझे वडील! सातपूरच्या कारखान्यात फिटर होते! मोठ्या कुंकवाची फॅशन आली, आईने हट्ट धरला, यांनी भोक वाढवून दिलं! जुनं म्हणजे किमती नव्हे, आणि घासलेलं तर मुळीच नव्हे!

तेवढ्यात लतिकाचा फोन. “अहो, आईंचा पैसा बघितलात का? साडी नेसून बसल्यात, हलत नाहीत! पाहुणे हॉलवर पोचले!” खरं सांगतो, लाज वाटली. म्हटलं, आलोच! पण फोन हातात होताच, म्हणून जाता जाता यादवला माझ्या कपाटातल्या दुसऱ्या पैशाचा फोटो दाखवला. बिनभोकाचा, कागदात गुंडाळलेला, कुणी न वापरलेला. तो माणूस खुर्चीतून उठला हो! “हा? कोरा? सत्तर हजार देतो! बाराच्या आत आणा! फक्त पुसू नका, घासू नका, हात लावू नका!”

मी स्कूटर काय हाणली! घरात शिरलो, तर सगळे चपला घालून तयार, आणि आईच्या कपाळावर कुंकू... गोल गरगरीत! म्हटलं, हे कसं लावलंस? तर नाना, वय वर्षं सत्त्याऐंशी, हातात ड्रिल, तोंडभर हसू. “अरे, तुझ्या कपाटात एक कोरा सापडला! पाडलं भोक! कडा बघ, कशा गुळगुळीत केल्यात!”

सत्तर हजारांना आरपार भोक! जुनं म्हणजे किमती नव्हे... पण एखादं असतं हो, सकाळपर्यंत असतं!

आईने माझ्या मुठीतला पैसा बघितला, सगळं ओळखलं, आणि एका शब्दाने रागावली नाही. पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, “राहू दे रे, मला आता हा नवा झाला. तो जुना तुला घे... आणि वीक खुशाल!”