मालिकेतल्या काकाचा पस्तावा

“बाई, टीव्हीवाले काय खोटं दाखवतेत?” मालिकेचा शेवट बदलला आहे असं मी म्हटलं, म्हणून धाकटा भाऊ माझ्यावरच ओरडत होता. दीडशे वर्षं जुन्या इंग्रजी कादंबरीवरची मालिका नुकतीच संपली होती. पोरक्या पुतणीची जमीन गिळणारा काका शेवटी रडून माफी मागतो, म्हणून आमच्या भावाचेही डोळे ओले. याच भावानं राखीच्या दिवशी हक्कसोडीवर माझी सही घेऊन बाबाच्या शेतातल्या धानाच्या बांध्या एकट्याच्या नावावर केल्या होत्या.

मी शाळेत गेली नाही, पण प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकून त्या कादंबरीचं मराठी भाषांतर दोनदा वाचलं आहे. म्हटलं, “पुस्तकात तो माफी मागत नाही. तसाच मरते.”

“कायले खोटं बोलून राहिली? असा माणूस कितीही वाईट असो, त्याले पस्तावा होतेच!”

“मग तीस वर्षं झाली, तुले काऊन नाही झाला?”