एका राफ्टवरची वाटणी

— नाही, नाही, त्या खुर्चीवर नका बसू साहेब, ती उताराला आहे, बोलता बोलता माणूस भिंतीला जाऊन टेकतो. इकडं बसा, दाराशी. बाळ झोपलंय म्हणून हळू बोलते, राग मानू नका. तर तुम्ही विचारत होतात, राफ्ट कुठं कापला. दाखवते की. स्वयंपाकघरात आहे तो खड्डा, चुलीच्या ओट्याला लागून. पण आधी माझं ऐका. खड्डा कुठं पळून जात नाही, ह्यांना मात्र सकाळपासून ठाण्यात बसवलंय, आणि तुम्ही तिथं जाऊन दोन शब्द बोललात तर सुटतील. तुमचा शब्द ऐकतील ते, इंजिनियरसाहेबांचा. माझा कोण ऐकणार? सातवी शिकलेल्या बाईचा?

तुम्हाला आठवतं ना, पाया खणायला घेतला तेव्हा — गुडघाभर खणलं की काळं पाणी, चिखल, शिंपले, आणि समुद्राचा तो कुजका वास. तुम्हीच म्हणालात, इथं खांबाखांबाला वेगळा पाया दिला तर एक खांब आज खचेल, दुसरा उद्या, घराच्या चिंध्या होतील. त्यापेक्षा अख्ख्या घराखाली एकच जाड स्लॅब घालू, त्यालाच राफ्ट म्हणतात, चिखलावर होडी बसावी तशी. खचलं तर सगळं मिळून खचेल, सारखं. आणि दोघा भावांना समोर उभं करून बजावलंत — वर एकेक मजला चालेल, मी तो हिशेबात धरलाय, पण चढवाल तेव्हा दोन्ही बाजूंना एकदम चढवा. मान कुणी हलवली? दोघांनी. भाऊजींनी तर जास्तच हलवली, थोरले ना ते! आणि मग वर्ष सरायच्या आत आपल्या अर्ध्यावर मजला चढवून मोकळे झाले. आमची ऐपत नव्हती. म्हणाले, तुम्ही चढवाल तेव्हा चढवा, मी किती थांबू?

मग काय व्हायचं ते झालं. होडीतले सगळे एका काठाला बसले की होतं ते. घर त्यांच्या बाजूला कललं, आमची बाजू वर आली. माझ्या लेकानं पहिलं पाऊल टाकलं तेच उताराला, साहेब. या घरात धडाधड चालतो, आणि माझ्या आईकडं सपाट फरशीवर ठेवला की पडतो. आई म्हणाली, पोराच्या पायात दोष आहे. पोराच्या पायात कसला दोष? मी त्याला डॉक्टरकडं दाखवून आले, रात्ररात्र त्याचे पाय चोळत बसले, आणि दोष होता खालच्या चिखलात.

ते जाऊ दे. वाळूचं सांगते. भाऊजींना कुणा गवंड्यानं सांगितलं, हलक्या बाजूला वजन टाका, घर सरळ होईल. मी आईकडं होते, हे कामावर. परत आले, कुलूप काढलं — दुसरी किल्ली भाऊजींकडं असायची — तर खोलीत पोती! वाळूची पोती, खिडकीच्या कठड्यापर्यंत, एकावर एक. पाळणा कोपऱ्यात उलटा टाकलेला. मी म्हटलं भाऊजी, हे काय? तर म्हणतात, थोडे दिवस कळ काढ, घर सरळ झालं की उचलतो. जसं काय आमच्या खोलीत लग्नाची भांडी ठेवलीत! आणि मागून जाऊबाई, दात दाखवत — "तुमच्याकडं भरायला दुसरं आहे तरी काय? वाळू तरी भरू दे." हसली, साहेब. माझ्या तोंडावर हसली. त्या क्षणी मला वाटलं, हिचं तोंड पोत्यात दाबून धरावं, नाकात वाळू जाईपर्यंत. वाटलं म्हणते, केलं नाही. वाटायला काय लागतं?

हे आले आणि विळीनं एकेक पोतं फाडलं. जनावर फाडावं तसं, नुसते फाडत होते, सगळी वाळू वाहत वाहत भाऊजींच्या भिंतीशी. घर पुन्हा तिकडंच! मी हसले, तर माझ्यावर विळी उगारली. नाही, मारलं नाही, उगारली फक्त. ते मारणारे नाहीतच, हेच तर मी सांगतेय तुम्हाला. आणि दुसऱ्या दिवशी ते फोडायचं मशीन घेऊन आले. म्हणाले, वाटणी वर झाली, आता खालीही करतो. माझा तुकडा वेगळा, त्याचा वेगळा, बुडू दे त्याला त्याच्या मजल्यासकट. मी म्हटलं होडी मधून कापली तर दोन होड्या होतात का हो? तर म्हणाले, तू गप बस.

आज सकाळी आरपार गेलं मशीन. सळ्या तडातड तुटल्या, भांडी मांडणीवरून कोसळली, आणि चिखल वर आला, दूध उतू जावं तसा, काळा, थंड. भाऊजी धावत आले. नुसते आले नाहीत, खड्ड्यात उडी टाकली, ह्यांच्या अंगावर. "माझं घर पाडतोस? माझं?" दोन्ही हातांनी मानगूट धरली, ह्यांना उताणं पाडलं, चिखलात, आणि वर गुडघे देऊन बसले. सख्खा भाऊ! ह्यांचं तोंड चिखलाखाली गेलं. बुडबुडे येत होते, साहेब, मोठे मोठे. हात नुसते फडफडत होते. मग ते बुडबुडेही लहान झाले.

आणि मग — मग ह्यांनी मारलं. डोक्यात. मागच्या बाजूला, कानाच्या वर. रक्ताची चिळकांडी ओट्यापर्यंत उडाली, बाळाच्या गालावर थेंब आला. भाऊजी बाजूला कलंडले. दवाखान्यात आहेत, टाके पडलेत, जगतील म्हणतात. हे पोलिसांना म्हणाले, मीच मारलं, ह्या पहारीनं. पोलिसांनी पहार नेली. तुम्ही एवढंच सांगा की घर कलत होतं, माणसाचं डोकं फिरेल असंच होतं ते, आणि सुरुवात —

काय? मागून कसं? म्हणजे, हात असा वळवून. खालून. उताणा असला म्हणून काय झालं, जीव जाताना माणूस काहीही करतो. पहार ना? होती की जवळ, खड्ड्याच्या — नाही, बाहेर होती, भिंतीला टेकवलेली, पण हात लांबवला असेल. तुम्ही असे काय बघताय? इंजिनियर आहात ना तुम्ही, पोलीस थोडेच आहात? मला काय ठाऊक कसा पोचला हात! मी बघत बसले होते का? एका कडेवर बाळ किंचाळतंय, दुसऱ्या हातात तो काँक्रीटचा धोंडा, पेलत नव्हता, म्हणून तर नेम चुकला, नाहीतर कानाच्या वर कशाला, बरोब्बर —

...

ह्यांचा नेम म्हणतेय मी.

पुन्हा मारला असता मी, साहेब. ह्यांनी खोकून चिखल ओकला नसता तर मारतच राहिले असते, तिथं माणूस उरला नसता. आणि ह्यांनी डोळे पुसून पहिलं काय केलं? माझ्या हातातून तो धोंडा काढून घेतला, खड्ड्यात टाकला, आणि म्हणाले, पोराला दूध कोण पाजणार? बस. तेवढंच. पहार हातात घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आता तुम्ही ठाण्यात जाऊन काय सांगाल ते सांगा. पोराला माझ्यापासून तोडायचं असेल तर तसं सांगा. नाही, तिकडं नका जाऊ, खड्ड्यात नका उतरू! काही बघायचं नाही तिथं. उठा. जा तुम्ही. जा म्हणते ना —

थांबा.

पलीकडं जाऊबाई भाऊजींचे चिखलाचे कपडे धूत होती. आपटत होती इतका वेळ. मशीननं भिंतीखाली पडलेलं भोक आरपार आहे, इकडचं सगळं तिकडं ऐकू जातं.

आवाज बंद झाला. साहेब, कधी बंद झाला तो?