चाकाला बांधलेला तंबू

समुद्रकाठी तंबूत राहायची सोय होती. तिथल्या ऑफिससमोर रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, एक नुकतीच आलेली, दुसरी कालपासून राहिलेली.

“कसं आहे हो इथं?”

“जागा छान. पण वारा रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही.”

“अगंबाई! तंबू उडाला तर?”

“वाळूत खुंट्या धरतच नाहीत. पहाटे मीच उठून दोरी आमच्या गाडीच्या चाकाला बांधली. मग कुठे सासूबाईंना झोप लागली. अजून आत झोपल्यात.”

“मिस्टर काही म्हणाले नाहीत?”

“ते घोरत होते. त्यांना पत्ताच नाही.”

“ती लाल गाडी तुमची?”

“हो, का?”

“चालू झाली हो ती.”

“अहो! अहो, थांबा! अहो!”

रांगेतले सगळे पुरुष वळले. गाडीतला तेवढा नाही.